दुसऱ्यासाठी पुस्तक निवडताना

आमच्या धर्मग्रामात चर्चच्या सभागृहाला लागून एक लहानसे वाचनालय आहे. दोन लाकडी कपाटे, एक लोखंडी कपाट, एक लांब टेबल आणि रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर दोन तास उघडणारे दार, एवढाच त्याचा संसार. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ या वाचनालयाला २५,००० रुपयांची देणगी दिली. त्या रकमेतून कोणती पुस्तके घ्यावीत हे ठरविण्याचे काम आम्हां पाच जणांच्या समितीकडे आले. काम सोपे वाटले. आम्ही एका कागदावर चार रकाने आखले: महिलांसाठी, तरुणांसाठी, मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी. महिलांच्या रकान्यात कथासंग्रह, कौटुंबिक कादंबऱ्या आणि पाककृतींची पुस्तके गेली. तरुणांच्या वाट्याला स्पर्धा परीक्षा, विज्ञान, इतिहास आणि इंग्रजी व्याकरण आले. मुलांना बोधकथा आणि ज्येष्ठांना संतचरित्रे मिळाली. तासाभरात यादी पुरी झाली. ललित आणि अभ्यासपर ग्रंथांचा समतोल आपण किती छान साधला, या समाधानात आम्ही चहा घेतला आणि घरोघर गेलो.

ते समाधान फार दिवस टिकले नाही. नवी पुस्तके कपाटात लागल्यावर पहिल्याच महिन्यात एक मावशी आल्या. वय साठीकडे झुकलेले, जन्म सारा केळीच्या वाडीत राबण्यात गेलेला. आम्ही मोठ्या अगत्याने त्यांच्यापुढे एक कथासंग्रह ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, परत टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा, गोष्टी माझ्या घरात पुष्कळ आहेत. मला कायद्याचं काही असेल तर द्या. माणूस विल न करता गेला तर बायकोला काय मिळतं आणि मुलीला काय मिळतं, ते मला स्वतः वाचून समजून घ्यायचंय."

असे पुस्तक आमच्याकडे नव्हते. आपल्याला लागू होणारा भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. पती मृत्युपत्र न करता निवर्तला आणि मागे मुले असली, तर विधवेला एक तृतीयांश वाटा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांना समसमान, असे तो सांगतो. इतकी साधी गोष्टही त्या दिवशी आम्हां पाचांपैकी एकालाही धड सांगता आली नाही. मावशी रिकाम्या हातांनी परत गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा आला. त्याचे वडील दोन महिन्यांपूर्वी वारले होते. त्याने घेतलेली अभ्यासाची पुस्तके परत केली आणि खालच्या मानेने विचारले, "अंकल, अशी एखादी कादंबरी आहे का, ज्यात घरातलं माणूस गेल्यावर बाकीचे पुढे कसे जगतात ते आहे?" आम्ही गोंधळलो. सांत्वनपर विचारांची एक पुस्तिका आम्ही त्याच्या हाती ठेवली. पुढल्या रविवारी त्याने ती नम्रपणे परत आणून दिली. मग तो स्वतःच कपाटाशी उभा राहिला आणि ज्या फळीवर आम्ही 'महिलांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवली होती, तिथली एक जुनी, पुठ्ठा सुटलेली कादंबरी घेऊन गेला. तीन आठवडे ती त्याच्याकडे होती. परत करताना त्याने दंड भरला. पुस्तकाविषयी तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

या दोन वाचकांनी आमचे चारही रकाने निकालात काढले. आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो मात्र केवळ वाचनालयाच्या व्यवस्थेपुरता नव्हता. दुसऱ्याने काय वाचावे हे आपण कोणत्या अधिकाराने ठरवतो? आणि ठरवणे भागच असेल, तर ते कसे ठरवले असता आपण त्या माणसावर अन्याय करणार नाही? आईवडील मुलांसाठी पुस्तक निवडतात, शिक्षक विद्यार्थ्यांसाठी निवडतात, धर्मगुरू भाविकांना सुचवतात. आपल्यापैकी प्रत्येक जण केव्हा ना केव्हा ही निवड करीतच असतो. म्हणून हा प्रश्न आपणां सर्वांचा आहे.

याची दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे, की ज्याला अधिक कळते त्याने चांगले तेवढे ठेवावे आणि वाईट ते काढून टाकावे. दुसरे असे, की कोणी कोणासाठी काही ठरवू नये. सगळे मांडावे, ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे आणि दोन्हींच्या आड लपण्यासारखी जागाही आहे.

पहिल्या उत्तराची परीक्षा सर्व्हान्तिस या स्पॅनिश लेखकाने चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. १६०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉन क्विक्झोट'च्या पहिल्या भागात एक प्रसंग येतो. शौर्यकथा वाचून वाचून भ्रमिष्ट झालेला नायक झोपलेला असताना गावचा धर्मगुरू आणि न्हावी त्याच्या ग्रंथसंग्रहाची झडती घेतात. भाची आणि घर सांभाळणारी बाई यांना सगळीच पुस्तके जाळून हवी आहेत. धर्मगुरू मात्र एकेक पुस्तक हातात घेऊन न्याय करू पाहतो. काही वाचवतो, काही अंगणात फेकायला सांगतो, पण हळूहळू कंटाळतो आणि उरलेल्या पुस्तकांची नावेही न पाहता शिक्षा सुनावतो. त्या रात्री वाचवण्याजोगी काही पुस्तकेही आगीत जातात. त्यानंतर ही मंडळी ग्रंथांची खोलीच भिंत घालून बुजवून टाकतात आणि नायकाला सांगतात, की एका जादूगाराने ती पळवून नेली. याचा परिणाम काय होतो? नायक त्या जादूगारावर तत्काळ विश्वास ठेवतो आणि काही दिवसांतच पुन्हा मोहिमेवर निघतो. पुस्तके गेली, वेड गेले नाही. उलट ज्यांनी त्याला खोट्या कथांपासून वाचवायचे मनावर घेतले होते, त्यांनीच त्याला आणखी एक खोटी कथा सांगितली.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोप चौथे पॉल यांच्या काळात, १५५९ मध्ये, निषिद्ध ग्रंथांची रोमची पहिली अधिकृत सूची निघाली. तिची शेवटची आवृत्ती १९४८ ची. मधल्या चार शतकांत तिच्यात कथा-कादंबऱ्याही आल्या आणि विद्वत्तेचे ग्रंथही आले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १६१६ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत स्थगित ठरवण्यात आला आणि १८३५ च्या सूचीतून तो वगळला गेला. चांदीच्या वस्तू चोरणाऱ्याला क्षमा करून त्याच्या हाती चांदीच्या समयाही ठेवणारा बिशप व्हिक्टर ह्युगोच्या 'ले मिझराब्ल'मध्ये आहे. क्षमेचे इतके हृद्य चित्र ज्या कादंबरीत आहे, तीही १८६४ ते १९५९ अशी जवळजवळ शंभर वर्षे या सूचीत होती. सूची करणारे दुष्ट होते असे मुळीच नाही. लोकांच्या आत्म्याची काळजी त्यांना खरोखरच होती. तथापि काळजी करणाऱ्याची नजरही चुकू शकते, आणि ती चुकली की तिची किंमत न विचारलेल्या वाचकाला मोजावी लागते.

ती किंमत मोजलेल्या एका वाचक स्त्रीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. १५५९ मध्येच स्पेनमध्ये तिथल्या धर्मन्यायाधिकरणाने आपली वेगळी सूची काढली आणि लोकभाषेतील पुष्कळ भक्तिपर पुस्तके वाचकांच्या हातून गेली. आविलाच्या संत तेरेजा यांना लॅटिन येत नव्हते. आपल्याला याचे फार दुःख झाले आणि तेव्हा प्रभूने आपली समजूत घालून, मी तुला जिवंत पुस्तक देईन, असे आश्वासन दिले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. याच आत्मचरित्रात लहानपणी आईच्या सोबतीने, वडिलांच्या नजरेआड वाचलेल्या शौर्यकथांबद्दल त्यांनी पश्चात्तापही व्यक्त केला आहे. म्हणजे वाईट वाचनाची हानी त्यांना माहीत होती आणि चांगले वाचन हिरावले जाण्याचे दुःखही माहीत होते. पुढे या आत्मचरित्राचीही धर्मन्यायाधिकरणाकडून तपासणी झाली. ते जर हरवले असते, तर १९२१ च्या उन्हाळ्यात जर्मनीत एका मैत्रिणीच्या घरी ते एडिथ स्टाइन यांच्या हाती पडले नसते. एडिथ स्टाइन या तत्त्वज्ञानाच्या गाढ्या अभ्यासक. दुसऱ्याच्या अनुभवाशी आपण समरस कसे होतो, या विषयावर त्यांनी हुसर्लच्या मार्गदर्शनाखाली १९१६ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती. त्यांनी ते आत्मचरित्र वाचले आणि १ जानेवारी १९२२ रोजी बाप्तिस्मा घेतला. १९४२ मध्ये आउश्विट्झ येथे त्यांचा अंत झाला. आज आपण त्यांना संत म्हणून वंदन करतो.

आपल्या भाषेतला दाखला तर याहून जवळचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपण अभिमानाने मिरवतो. पण तो का लिहिला गेला, याचे कारण ग्रंथाच्या आरंभीच सूचित झाले आहे. पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही आम्हांला मनाई केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असे तिथे एक श्रोता पाद्रींना विचारतो. या प्रश्नात तक्रार आहे आणि भूकही आहे. बंदी घालणाऱ्यांनी फळी रिकामी केली. स्टीफन्स यांनी त्या श्रोत्याची भूक ओळखली आणि ती त्याच्याच भाषेत, त्याच्याच ओवीछंदात भागवली. आज आपल्याजवळ उरले आहे ते स्टीफन्स यांनी दिलेले पुराण. ज्यांनी नुसती मनाई केली, त्यांची नावेही आपल्याला आठवत नाहीत.

मग दुसरे उत्तर बरोबर मानायचे काय? सगळे मांडावे आणि बाजूला व्हावे? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने कपाट भरले त्याने काहीतरी वगळलेलेच असते; रक्कम मर्यादित, फळ्या मर्यादित. शिवाय पुस्तकांचा परिणाम होत नाही असे म्हणणे म्हणजे पुस्तकांचा अपमानच. चांगल्या पुस्तकाने माणूस घडतो हे ज्याला मान्य आहे, त्याने वाईट पुस्तकाने माणूस बिघडू शकतो हेही मान्य केले पाहिजे. द्वेष शिकवणारे, स्त्रीला वस्तू समजणारे, खोट्या इतिहासाचे विष कालवणारे लेखन असते आणि ते देखण्या वेष्टनात मिळते. 'ज्याचे त्याने पाहावे' असे म्हणून हात झटकणे हा पुष्कळदा निव्वळ आळस असतो. आपण त्याला उदारपणाचे नाव देतो, इतकेच.

या पेचात आम्हांला वाट सापडली ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या आजारपणात. मे १५२१ मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडले असताना त्यांनी आपल्या आवडीच्या शौर्यकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या जीवनकथांचा एक ग्रंथ. ही हकिकत आपण प्रवचनांत अनेकदा ऐकतो आणि तिचा अर्थ लावतो तो असा, की योग्य पुस्तक हाती पडले आणि माणूस बदलला. पण हकिकत तेवढ्यावर संपत नाही. इग्नेशियस त्या दिवसांत दोन्ही प्रकारची स्वप्ने पाहत होते. कधी एखाद्या थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची, कधी संतांसारखे कठोर जीवन जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना आनंद होई. काही काळाने त्यांच्या ध्यानात आले, की पहिली ओसरली की मन कोरडे आणि असमाधानी राहते. दुसरी ओसरल्यावरही मन प्रसन्न राहते. मनाच्या हालचाली पारखण्याची जी पद्धत पुढे त्यांनी 'आध्यात्मिक साधना'तून जगाला दिली, तिचा उगम इथे आहे. पुस्तके कोणी तरी दिली होती हे खरे. परंतु पारख केली ती वाचकाने, आपल्या मनात, पुस्तक मिटल्यानंतर. ती दुसऱ्या कोणालाही त्यांच्या वतीने करता आली नसती.

१९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत निषिद्ध ग्रंथांच्या सूचीचे कायदेशीर बंधन संपुष्टात आले, तेव्हाही याच गोष्टीवर बोट ठेवले गेले. सूचीला कायद्याचे बळ उरले नाही. तिचे नैतिक आवाहन मात्र भाविकांच्या सदसद्विवेकबुद्धीकडे सोपवण्यात आले. काही जणांना वाटले, की आता मोकळीक मिळाली. वस्तुतः ओझे वाढले होते. पूर्वी यादी पाहून थांबता येत होते. आता पुस्तक मिटून आपल्या मनाला विचारावे लागते: हे वाचून मी अधिक खरा झालो की अधिक निबर? शेजाऱ्याकडे पाहण्याची माझी नजर निवळली की गढूळ झाली?

येथे कोणी विचारील, की हे अभ्यासाच्या ग्रंथांना ठीक आहे, पण कल्पित कथांचे काय? त्यांत वेळ घालवणे हीच मुळात चैन नव्हे काय? ही शंका जुनी आहे. संत ऑगस्टीन यांनी 'कबुलीजबाबा'त लिहिले आहे, की शाळकरी वयात आपण दीदो राणीच्या काल्पनिक मृत्यूसाठी अश्रू ढाळले, आणि स्वतःचा आत्मा देवापासून दुरावत होता त्यासाठी मात्र डोळे ओले झाले नाहीत. या आरोपात तथ्य आहे. कथेतल्या दुःखावर रडून माणूस शेजारच्या दुःखातून सुटका करून घेऊ शकतो. पण हे आपल्याला पटवून देण्यासाठी ऑगस्टीन यांनी स्वतःची कथाच सांगितली आहे. शास्त्रार्थाचे अनेक ग्रंथ त्यांनी लिहिले, तरी आपल्या घराघरांत पोहोचले ते हे आत्मकथन.

याहून मोठा दाखला शुभवर्तमानात आहे. शास्त्राचा एक पंडित प्रभू येशूला विचारतो, की माझा शेजारी कोण? त्याला व्याख्या हवी आहे. प्रभू व्याख्या देत नाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जखमी माणसाची आणि शोमरोनी वाटसरूची गोष्ट सांगतो आणि शेवटी निवाडा त्या पंडितालाच करायला लावतो. वाडीतल्या मावशींपुढे आम्ही गोष्ट ठेवली, त्यांना कायदा हवा होता. त्या पंडिताने कायद्यातली व्याख्या मागितली, त्याला गोष्टीची गरज होती. कोणाला काय लागते हे त्याच्या वेषावरून, वयावरून किंवा शिक्षणावरून ओळखता येत नाही. आपल्या मराठीत लक्ष्मीबाई टिळकांचेच पहा. लिहिणे-वाचणे त्या शिकल्या त्या लग्नानंतर, पतीच्या हाताखाली. आज त्यांची 'स्मृतिचित्रे' विद्यापीठांत अभ्यासली जातात आणि स्वयंपाकघरातही तितक्याच आवडीने वाचली जातात. हे पुस्तक कोणत्या रकान्यात घालणार?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्याच्या वाचनावर एक पत्र लिहिले. प्रथम ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी योजले होते, मग सर्वच ख्रिस्ती जनांसाठी त्यांनी ते खुले केले. त्यात त्यांनी तरुणपणची एक आठवण सांगितली आहे. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने महाकाव्य होते. मुलांना मात्र गार्सिया लोर्का वाचायचा होता. त्यांनी तोड काढली: 'एल सिद' घरी वाचा, वर्गात आपण तुमच्या आवडीच्या लेखकांविषयी बोलू. त्या तरुण शिक्षकाने अभ्यासक्रम सोडला नाही आणि मुलांची आवडही धुडकावली नाही. जिथे मुले होती तिथून त्याने आरंभ केला.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. देणगीदाखल आलेल्या पुस्तकांत ग्रॅहम ग्रीनच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' या १९४० सालच्या कादंबरीची इंग्रजी प्रत होती. मेक्सिकोत ख्रिस्तसभेचा छळ चालू असताना एका प्रांतात उरलेल्या अखेरच्या धर्मगुरूची ती कथा. हा धर्मगुरू दारूच्या आहारी गेलेला आहे. त्याला एक मुलगीही आहे. तरीही जीव धोक्यात घालून तो गावोगाव पवित्र संस्कार देत फिरतो आणि अखेर गोळ्या झेलून मरतो. आमच्या समितीतील एकाने आक्षेप घेतला, की धर्मग्रामाच्या वाचनालयात असले पुस्तक नको. दुसऱ्याने बाजू घेतली. वाद टाळण्यासाठी आम्ही एक शहाणपणाची युक्ती केली. पुस्तक काढून टाकले नाही. लोखंडी कपाटातल्या मागच्या रांगेत सरकवून ठेवले. आम्हां पाचांपैकी केवळ एकाने ते पूर्ण वाचले होते.

काही महिन्यांनी एक निवृत्त शिक्षिका आल्या. नोंदवहीत नाव पाहून त्यांनी ते पुस्तक मागितले. त्यांचे धाकटे भाऊ पूर्वी धर्मगुरू होते आणि पुढे त्यांनी ते जीवन सोडले होते, हे आम्हांला ठाऊक होते. नेमके म्हणूनच आम्ही कचरलो आणि म्हणालो, "टीचर, ते पुस्तक बाहेर गेलं आहे." त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले. "बरं. आलं की सांगा, मी थांबेन," एवढेच म्हणून त्या गेल्या.

त्या रात्री आम्हांला सर्व्हान्तिसचा जादूगार आठवला. निषिद्ध ग्रंथांची सूची निदान छापून प्रसिद्ध होत असे. तिच्याखाली अधिकाऱ्याचे नाव असे आणि तिच्याशी वाद घालता येत असे. आमच्या मागच्या रांगेला नाव नव्हते. तिच्याविरुद्ध कोणी अपील करणार तरी कसे? आपण वाचनालयांत, घरांत, शाळांत बंदी क्वचितच घालतो. आपण मागच्या रांगेत सरकवतो, 'संपलं आहे' म्हणतो, 'तुला ते कळणार नाही' म्हणतो. कोणाला दुखवले नाही, या समजुतीत आपली झोपही मोडत नाही. पण ज्या माणसाला पुस्तक मिळाले नाही त्याच्या वतीने आपण निवाडा केलेला असतो आणि तो निवाडा झाल्याचे त्याला कळूही दिलेले नसते. म्हणून उघड बंदीपेक्षाही ही लपवाछपवी आम्हांला अधिक मोठा अपराध वाटते.

योगायोग असा, की याच कादंबरीविरुद्ध १९५० च्या दशकात रोमहून आक्षेप आला होता आणि वेस्टमिन्स्टरच्या कार्डिनलनी तो ग्रीनला वाचून दाखवला होता. पुढे १९६५ मध्ये ग्रीनची पोप सहावे पॉल यांच्याशी भेट झाली. त्यांनी कादंबरी वाचली होती, आणि अशा लेखनाने काहींचे मन दुखावणारच, त्याकडे लक्ष देऊ नये, असे त्यांनी ग्रीनला सांगितले. ज्यांच्या कारकिर्दीत त्यानंतरच्या वर्षी सूचीचे बंधन संपले, तेच हे पोप.

पुढल्या रविवारी आम्ही ते पुस्तक घेऊन टीचरांच्या घरी गेलो आणि खरे काय ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. "माझ्या दुःखाला जपत होता तुम्ही, कळलं मला," त्या म्हणाल्या, "पण ते दुःख माझं आहे ना? त्याच्याशी कसं वागायचं ते मला ठरवू द्या." पुस्तक त्यांनी महिन्याभराने परत केले. त्या वर्षी नाताळला त्यांचे भाऊ कित्येक वर्षांनी घरी आले. पुस्तकामुळेच त्यांना बोलावले, असा दावा आम्ही करणार नाही. टीचर तसे कधी बोलल्या नाहीत. आम्हांला एवढेच माहीत आहे, की आमच्या भीतीने आम्ही त्यांची जी वाट अडवली होती ती आमच्या मालकीची नव्हती.

त्यानंतर आमच्या समितीने काही नियम केले. वर्षाच्या रकमेपैकी चौथा हिस्सा राखून ठेवायचा आणि वाचक मागतील त्या पुस्तकांसाठीच खर्च करायचा. उत्तराधिकार कायद्याचे सोप्या मराठीतले पुस्तक या पैशांतूनच आले. फळीवर वाचकांच्या नावाची चिठ्ठी लावायची नाही, विषयाची लावायची. ज्याला एखाद्या पुस्तकावर आक्षेप असेल त्याने ते आधी पूर्ण वाचावे आणि मग कारणासह नोंदवहीत आपल्या सहीने लिहावे. लहान मुलांना सगळेच सरसकट द्यायचे नाही, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचे. आणि कोणी पुस्तक मागितले तर त्याच्याशी खोटे बोलायचे नाही. आधुनिक भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच सिद्धांत मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा आशय आहे. आम्ही तो पूर्वीही वाचला होता. 'त्याचे' या शब्दाचा अर्थ आता कळला.

प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. इथिओपियाच्या राणीचा एक अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत चालला आहे. फिलिप धावत त्याच्याजवळ जातो आणि वाचता ते समजते का, असे विचारतो. कोणी समजावून दिल्याशिवाय कसे समजेल, असे म्हणून अधिकारी त्याला वर येऊन शेजारी बसण्याची विनंती करतो. फिलिप त्याच्या हातून गुंडाळी हिसकावून घेत नाही. हे तुझ्यासाठी नाही, असेही म्हणत नाही. तो रथात चढतो, त्याच्या शेजारी बसतो आणि तो जो उतारा वाचीत होता तिथूनच बोलायला आरंभ करतो. वाटेत पाणी लागते. बाप्तिस्मा घ्यावा हे त्या अधिकाऱ्याला स्वतःलाच सुचते. त्यानंतर फिलिप दिसेनासा होतो आणि वाचक आनंदाने आपल्या वाटेने पुढे जातो.

दुसऱ्यासाठी पुस्तक निवडणाऱ्याने किती जवळ जावे आणि केव्हा बाजूला व्हावे, हे या प्रसंगात दिसते. आपल्या घरातही कोणी तरी वाचीत बसलेले असेल. मुलगी असेल, सून असेल, वृद्ध वडील असतील. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसावे, काय वाचता आहात ते विचारावे आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐकावे.